प्रवाळांचा रंग आणि पाण्याची अल्कता

प्रवाळांचा रंग आणि पाण्याची अल्कता यांचा संबंध सागरी मत्स्यालयशास्त्रात, विशेषतः प्रवाळटाक्यांच्या देखभालीत, महत्त्वाचा मानला जातो. अल्कता म्हणजे आम्ल मिसळले असता ते निष्प्रभ करण्याची पाण्याची क्षमता. समुद्राच्या पाण्यात ही क्षमता प्रामुख्याने बायकार्बोनेट व कार्बोनेट आयनांमुळे आणि काही अंशी बोरेटमुळे येते. दगडी प्रवाळ याच आयनांपासून आपला चुनखडीचा सांगाडा बांधतात. अल्कता प्रवाळाला प्रत्यक्ष रंग देत नाही. ती सांगाडा वाढण्याचा वेग ठरवण्यास हातभार लावते. हा वेग आणि प्रवाळाला मिळणारा प्रकाश व पोषण यांचा मेळ बिघडला की त्याची पहिली खूण बहुधा रंगात दिसते. त्यामुळे टाकीतील प्रवाळ फिकट, तपकिरी किंवा टोकांशी पांढरे पडू लागल्यास ज्या बाबी तपासल्या जातात, त्यांत अल्कता अग्रस्थानी असते.

संज्ञा

मराठीत या विषयाच्या संज्ञांबाबत गोंधळ होण्याचा संभव असतो. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत ‘सागरजलाची क्षारता’ म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण होय. तिला लवणता असेही म्हणतात. खुल्या महासागरात ती दर हजार भागांत सुमारे ३५ भाग असते. अल्कता ही त्याहून वेगळी राशी आहे. सामू हीदेखील तिसरी, स्वतंत्र राशी आहे. सामू पाणी त्या क्षणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे हे सांगतो, तर अल्कता ते पाणी किती आम्ल पचवू शकेल हे सांगते. बंद खोलीतील हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की तो टाकीच्या पाण्यात विरघळून सामू खाली येतो, परंतु अल्कता तेवढीच राहते. म्हणून केवळ सामू मोजून अल्कतेचा अंदाज बांधता येत नाही.

‘पोवळे’ हा शब्दही येथे वेगळा समजून घ्यावा लागतो. दागिन्यांत व नवरत्नांत वापरले जाणारे तांबडे पोवळे हे मौल्यवान प्रवाळाचा सांगाडा असते. त्याचा रंग सांगाड्यातच मुरलेला असल्याने प्राणी मेल्यावरही टिकतो. उष्ण कटिबंधातील प्रवाळखडक बांधणाऱ्या बहुतेक दगडी प्रवाळांचा सांगाडा मात्र पांढरा असतो आणि रंग त्यावरील पातळ, जिवंत ऊतीत असतो. ऊती मेली की रंगही जातो.

एकके व नैसर्गिक मूल्ये

अल्कता तीन एककांत व्यक्त केली जाते : मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मिलिग्रॅम प्रति लिटर आणि जर्मन कार्बोनेट कठीणपणाचे अंश (डीकेएच). एक मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे ५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट किंवा २.८ जर्मन अंश. एक जर्मन अंश म्हणजे सुमारे १७.९ मिलिग्रॅम प्रति लिटर.

उष्ण कटिबंधातील खुल्या समुद्राच्या पृष्ठभागाशी अल्कता साधारण २.३ ते २.४ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजेच सुमारे ६.४ ते ६.७ जर्मन अंश असते. त्याच पाण्यात कॅल्शियम लिटरमागे सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम सुमारे १,३०० मिलिग्रॅम असते. प्रवाळटाक्यांत अल्कता बहुधा ७ ते ९ अंशांदरम्यान राखली जाते. काही टाक्यांत ती ११ अंशांपर्यंतही नेली जाते.

प्रवाळांना रंग कशामुळे येतो

दगडी प्रवाळाच्या दृश्य रंगाचे तीन घटक असतात.

पहिला घटक ऊतीत राहणाऱ्या सूक्ष्म सहजीवी शैवालांचा. झूझँथेले या नावाने ओळखली जाणारी ही शैवाले प्रकाशसंश्लेषण करून प्रवाळाला अन्न पुरवतात. हरितद्रव्य व पेरिडिनिन या रंगद्रव्यांमुळे त्यांचा रंग सोनेरी तपकिरी असतो. प्रवाळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात असू शकते. ती वाढली की प्रवाळ तपकिरी दिसतो, घटली की फिकट होतो.

दुसरा घटक प्रवाळ स्वतः तयार करतो त्या रंगीत प्रथिनांचा. हिरवी, निळसर व तांबडी प्रतिदीप्त प्रथिने आणि जांभळी, निळी व गुलाबी अप्रतिदीप्त प्रथिने यांमुळे प्रवाळांना त्यांचे झळाळते रंग मिळतात. ही प्रथिने ज्या कुलात मोडतात त्याचा पहिला सदस्य ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ साली एका जेलीफिशमध्ये शोधला. त्या संशोधनासाठी शिमोमुरा, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना २००८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रवाळवर्गीय प्राण्यांतील तत्सम प्रथिनांचे वर्णन १९९९ साली रशियन संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्यासाठीचे प्राणी मत्स्यटाकीत पाळलेले होते. अनेक प्रवाळांमध्ये निळ्या प्रकाशाची तीव्रता वाढली की या प्रथिनांची निर्मिती वाढते.

तिसरा घटक पांढऱ्या सांगाड्याचा. ऊती पातळ झाली वा शैवाले कमी झाली की खालचा सांगाडा दिसू लागतो आणि प्रवाळ फिका भासतो.

अल्कतेचा पहिला व थेट परिणाम या तिसऱ्या घटकाच्या वाढीवर होतो. पहिल्या दोन घटकांवरील परिणाम अप्रत्यक्ष असतो.

सांगाडा बांधण्याची क्रिया

प्रवाळाच्या ऊतीचा सर्वांत खालचा पेशीथर आणि सांगाडा यांच्यामध्ये द्रवाचा एक अतिशय पातळ थर असतो. प्रवाळ त्यात कॅल्शियम आयन ढकलतो आणि हायड्रोजन आयन बाहेर काढतो. यामुळे तेथील सामू सभोवतालच्या पाण्याहून जास्त होतो आणि ॲरागोनाइट या स्फटिकरूपात कॅल्शियम कार्बोनेट साचते. एक कॅल्शियम आयन व दोन बायकार्बोनेट आयन यांच्यापासून कॅल्शियम कार्बोनेटचा एक रेणू, कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते. म्हणून पाण्यातील अल्कता एका मिलिइक्विव्हॅलंटने घटते तेव्हा कॅल्शियम लिटरमागे २० मिलिग्रॅमने घटते.

समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमचा साठा मोठा आणि अल्कतेचा साठा त्या मानाने लहान असतो. सांगाडा बांधताना अल्कता सात अंशांवरून सहावर आली तर तिचा सातवा हिस्सा खर्च होतो. तेवढ्याच काळात कॅल्शियम ४२० वरून केवळ ४१३ मिलिग्रॅमच्या आसपास येते. बंद टाकीत अल्कता प्रथम ढासळते ती यामुळे. दगडी प्रवाळांनी दाटलेल्या टाकीत दिवसाला एक ते दोन अंश अल्कता खर्च होऊ शकते.

हायड्रोजन आयन बाहेर काढण्यासाठी प्रवाळाला ऊर्जा लागते आणि ती मुख्यतः शैवालांनी पुरवलेल्या अन्नातून येते. प्रकाशात सांगाडा बांधण्याचा वेग अंधारातील वेगाच्या साधारण तिप्पट असतो. याचा अर्थ अल्कता हा कच्चा माल आहे, तर प्रकाश व पोषण हे इंधन आहे. कच्चा माल भरपूर आणि इंधन अपुरे, किंवा इंधन भरपूर आणि कच्चा माल अपुरा, अशा दोन्ही स्थितींचे परिणाम रंगात उमटतात.

अल्कता व वाढ यांचा संबंध प्रयोगांनीही दिसून आला आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात असलेल्या ‘बायोस्फिअर २’ या बंदिस्त प्रकल्पातील कृत्रिम समुद्रात ख्रिस लँग्डन व सहकाऱ्यांनी पाण्याचे रसायन बदलून प्रवाळसमूहाच्या सांगाडानिर्मितीचा वेग त्यानुसार बदलतो असे दाखवले. हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियातील वन ट्री बेटाच्या नैसर्गिक प्रवाळखडकावर रिबेका ऑलब्राइट व सहकाऱ्यांनी वाहत्या पाण्याची अल्कता वाढवली असता सांगाडानिर्मिती सुमारे ७ टक्क्यांनी वाढल्याचे २०१६ साली नोंदवले.

रंगावरील परिणाम

वाढती टोके : फांद्यांच्या प्रवाळात टोके सर्वांत वेगाने वाढतात. तेथील नव्या ऊतीत शैवाले कमी असल्याने टोके फिकट, कधी जांभळट वा निळसर दिसतात. ऊती शाबूत असेल तर हे निरोगी वाढीचे लक्षण आहे.

अल्कता जास्त, पोषण कमी : नायट्रेट व फॉस्फेट जवळजवळ शून्यावर आणलेल्या टाकीत अल्कता ९ ते १० अंशांच्या वर राहिल्यास किंवा एकाएकी वाढल्यास टोकांवरील ऊती मरून सांगाडा उघडा पडतो, असा प्रवाळपालकांचा व्यापक अनुभव आहे. याला ‘टोके जळणे’ म्हणतात. सांगाडा ज्या वेगाने पुढे जातो त्या वेगाने ऊती वाढू शकत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पोषण पुरेसे असलेल्या टाक्यांत तीच अल्कता प्रवाळ सहन करतात.

अल्कता कमी : अल्कता सहा अंशांच्या खाली बराच काळ राहिल्यास वाढ मंदावते, रंगाची झळाळी कमी होते आणि अनेकदा वसाहतीच्या तळाकडून ऊती मागे सरू लागते.

अल्कतेतील चढउतार : एकाच दिवसात एक अंशाहून मोठा चढ वा उतार हा स्थिर पण आदर्शाहून थोड्या वेगळ्या मूल्यापेक्षा अधिक घातक मानला जातो. साडेसात किंवा साडेआठ यांपैकी कोणता अंश निवडला याला फारसे महत्त्व नसते. निवडलेला अंश टिकवण्याला असते.

रंगबदलाचे प्रत्येक कारण अल्कतेत नसते. प्रवाळ तपकिरी होणे हे बहुधा पोषकद्रव्ये वाढल्याचे वा प्रकाश अपुरा असल्याचे लक्षण असते. नायट्रेट भरपूर व फॉस्फेट अत्यल्प अशा पाण्यात प्रवाळांची विरंजनप्रवणता वाढते, असे साउदॅम्प्टन विद्यापीठातील यॉर्ग वीडेनमान व सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवले. संपूर्ण वसाहत पांढरी पडली आणि ऊती अद्याप जिवंत असली, तर उष्णतेमुळे किंवा अतितीव्र प्रकाशामुळे शैवाले बाहेर टाकली गेल्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी अल्कता वाढवल्याने प्रवाळाचा ताण कमी होत नाही.

मशरूम प्रवाळ, झोआँथिड यांसारखे मृदुकाय प्राणी दगडी सांगाडा बांधत नाहीत. त्यांच्या टाक्यांत अल्कता फार सावकाश खर्च होते आणि तिच्या बदलांचा त्यांच्या रंगावरील परिणामही सौम्य असतो.

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील पाणी

समुद्रकाठच्या मत्स्यालयांना समुद्राचे पाणी जवळ मिळू शकते. मुंबईचे १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय समुद्रालगतच उभारले गेले होते. सह्याद्रीच्या पूर्वेकडील गावांत मात्र सागरी टाकी भरायची तर गोड्या पाण्यात कृत्रिम सागरी मीठ मिसळावे लागते. त्यामुळे मूळच्या गोड्या पाण्याची अल्कता हा घटक तेथे निर्णायक ठरतो.

पिंपरी-चिंचवड शहराला मुख्यतः मावळातील पवना धरणाचे पाणी मिळते. ते रावेत येथील बंधाऱ्यावरून उचलून निगडी येथील केंद्रात शुद्ध केले जाते. पावसावर भरणाऱ्या धरणाचे हे पाणी खडकाच्या सान्निध्यात तुलनेने कमी काळ राहते. कूपनलिकेचे पाणी याहून वेगळे असते. हा सर्व प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. मातीतून मुरणाऱ्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल तयार होते. ते बेसाल्टमधील खनिजांची झीज करते आणि पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट उतरते. दख्खनच्या भूजलात बायकार्बोनेटचे प्राबल्य आढळते ते यामुळे. बोलीत ज्याला ‘जड पाणी’ म्हणतात, ते बहुधा जास्त अल्कतेचेही असते.

भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याची एकूण अल्कता कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात २०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत स्वीकारार्ह असते. पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंतची मुभा आहे. पिण्यास योग्य असलेले हे पाणी प्रवाळटाकीस योग्य असतेच असे नाही. २०० मिलिग्रॅम म्हणजे ११.२ जर्मन अंश. शुद्ध पाण्यात मिसळल्यावर ८ अंश अल्कता देणारे मीठ अशा पाण्यात मिसळल्यास बेरीज १९ अंशांच्या वर जाते आणि कॅल्शियम कार्बोनेट गढूळ साक्याच्या रूपात वेगळे होऊ लागते.

बाष्पीभवनाची भर घालतानाही हाच प्रश्न येतो. वाफ होऊन केवळ पाणी जाते, क्षार मागे राहतात. २०० लिटरच्या टाकीतून रोज २ लिटर पाणी उडत असेल आणि ११.२ अंशांच्या पाण्याने भरपाई होत असेल, तर अल्कता रोज ०.११ अंशाने, म्हणजे महिन्याला सुमारे ३.४ अंशांनी वाढते. दगडी प्रवाळ नसलेल्या टाकीत ही वाढ साचत जाते. म्हणून मीठ मिसळण्यासाठी व भरपाईसाठी व्युत्क्रम परासरण (आरओ) व आयनविनिमय प्रक्रियेतून गेलेले पाणी वापरले जाते. या प्रक्रियेत क्लोरीन, तांबे, सिलिका, नायट्रेट व फॉस्फेटही निघून जाते.

पिंपरी-चिंचवड व चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात अल्कतेचे मापन अपरिचित नाही. बॉयलर व शीतकरण मनोऱ्यांच्या पाण्यात चुन्याची पुटे धरू नयेत म्हणून कारखान्यांतील प्रयोगशाळांत ते नियमित केले जाते. बॉयलरच्या नळीत पुटे धरणे आणि प्रवाळाचा सांगाडा वाढणे या दोन्ही क्रियांत कॅल्शियम कार्बोनेटच साचते. पहिली टाळायची असते, दुसरी टिकवायची.

मोजमाप

अल्कता अनुमापनाने मोजतात. पाण्याच्या ठरावीक नमुन्यात दर्शक घालून त्यात ज्ञात तीव्रतेचे आम्ल थेंबाथेंबाने सोडतात. सामू सुमारे ४.५ झाला की रंग पालटतो. ५० मिलिलिटर नमुन्यासाठी ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल वापरल्यास, लागलेल्या आम्लाच्या मिलिलिटरची संख्या गुणिले २० ही अल्कता मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये मिळते. नैसर्गिक समुद्राच्या पाण्याला सुमारे ६ मिलिलिटर आम्ल लागते. दिवे लागल्यानंतर प्रवाळांचा खर्च वाढत असल्याने रोजच्या नोंदी एकाच वेळी घेतल्या तरच त्यांची तुलना करता येते.

अल्कता राखण्याच्या पद्धती

चुन्याची निवळी : खाद्य दर्जाचा शुद्ध चुना पाण्यात ढवळून, निवळल्यावर वरचे स्वच्छ पाणी बाष्पीभवनाच्या भरपाईसाठी थेंबाथेंबाने सोडले जाते. त्यातून कॅल्शियम व अल्कता प्रवाळांना लागणाऱ्या प्रमाणातच मिळतात. १९७० च्या दशकात पेटर विल्केन्स यांनी या पद्धतीचा पुरस्कार केला. निवळीचा सामू १२ च्या वर असल्याने ती एकदम ओतणे प्राणघातक ठरते.

सोडा : खाण्याचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम मिसळल्यास अल्कता सुमारे एका अंशाने वाढते. धुण्याचा सोडा (निर्जल सोडियम कार्बोनेट) याच परिणामासाठी सुमारे १.९ ग्रॅम लागतो आणि त्याने सामूही चढतो. कॅल्शियमची भरपाई वेगळ्या द्रावणाने केली जाते. ही दोन द्रावणे एकत्र मिसळल्यास चुना साकळतो.

कॅल्शियम अणुभट्टीसदृश पात्र : चुनखडीचे तुकडे भरलेल्या बंद पात्रात कार्बन डायऑक्साइड सोडून ते विरघळवले जातात. बाहेर येणाऱ्या पाण्यामुळे टाकीचा सामू किंचित खाली राहतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील प्रवाळ

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पोराइटीस, टर्बिनारिया, गोनिओपोरा इत्यादी प्रवाळ आढळतात. विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रात अँग्रिया बँक हे बुडित प्रवाळपठार आहे. त्याला कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळाले आहे. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात अडथळ्यात येणाऱ्या वरळी व हाजी अली येथील प्रवाळवसाहती २०२० साली अन्यत्र हलवण्यात आल्या.

कोकणात पावसाळ्यात किनाऱ्यालगतची लवणता घटते आणि पाण्याबरोबर अल्कताही विरळ होते. लवणता ३५ वरून २८ वर आली, तर २.३ मिलिइक्विव्हॅलंट अल्कता केवळ विरळ होण्याने १.८ च्या आसपास येते. शिवाय वातावरणातील वाढता कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळून अल्कता फारशी न बदलता कार्बोनेट आयन कमी करतो. टाकीतील पाण्याचे रसायन दुरुस्त करता येते; समुद्राचे त्या प्रमाणात करता येत नाही.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये २००१ साली खडक बांधणारे सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. भारतीय समुद्रातून ते गोळा करणे, विकणे वा परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा आहे आणि त्यासाठी कारावासाची तरतूद आहे. शोभेसाठी विकले जाणारे मृत, पांढरे प्रवाळही या संरक्षणात येतात. दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटीस कराराच्या परिशिष्ट दोननुसार परवान्यांनी नियंत्रित आहे.

या संरक्षणामुळे टाकीत मरणाऱ्या दगडी प्रवाळाची जागा समुद्रातून आणलेल्या दुसऱ्या प्रवाळाने भरून काढणे हा पर्याय भारतात उपलब्ध नाही. शास्त्रीय संस्था व मत्स्यालये परवानगीने जे प्रवाळ सांभाळतात, त्यांच्या बाबतीत रंगातील पहिला बदल ओळखून अल्कतेची नोंद तपासणे हा त्यांना जिवंत ठेवण्याचा भाग ठरतो.

हे सुद्धा पहा

प्रवाळ
प्रवाळ विरंजन
सामू
महासागरांचे आम्लीकरण
मालवण सागरी अभयारण्य
अँग्रिया बँक